छायाचित्र की प्रकाशचित्र? : पुष्पचित्रणातील रचना आणि प्रकाशयोजना यांचा इतिहास

१

'फोटोग्राफ' या वस्तूस मराठीत दोन प्रतिशब्द मिळाले : 'छायाचित्र' आणि 'प्रकाशचित्र'. पहिला आज सर्वांच्या तोंडी आहे. दुसरा क्वचित कलाविषयक लेखनात भेटतो. एका शब्दाने सावलीचे नाव घेतले, दुसऱ्याने उजेडाचे. विरोधाभास असा की, दोहोंचा निर्देश एकाच वस्तूकडे आहे. संस्कृतात 'छाया' शब्दाला सावली, प्रतिबिंब आणि कांती असे तीनही अर्थ आहेत. त्यामुळे रूढ झालेला शब्द अर्थदृष्ट्या मुळीच दुबळा नाही.

शब्दांची ही द्विधा केवळ मराठीची नव्हे. इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने १८३९ साली आपल्या शोधाचे निवेदन केले, तेव्हा सावली स्थिर करण्याची कला अशा शब्दांत त्याने त्याचे वर्णन केले होते. त्याच वर्षी जॉन हर्शेल याने वापरलेला 'फोटोग्राफी', म्हणजे प्रकाशलेखन, हा शब्द टिकला. टॅलबट हा वनस्पतींचा व्यासंगी होता. इतकेच नव्हे, तर त्याने १८४७ मध्ये इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीवर ग्रंथ लिहिला आणि १८५७ मध्ये असीरियन क्यूनिफॉर्म लेखाच्या वाचनाची जी प्रसिद्ध परीक्षा झाली, तीत स्वतंत्र भाषांतर सादर करणाऱ्या चौघांपैकी तो एक होता. भाषाभ्यासकाने या विषयात पाऊल टाकावे की नाही, अशी शंका कोणास आल्यास, त्या प्रांताचा एक संस्थापकच आमच्या शास्त्राचा हौशी उपासक होता, एवढे उत्तर पुरेसे व्हावे.

फुलांची छायाचित्रे अधिक चांगली कशी काढावीत, याविषयी मार्गदर्शनपर लेखनास आज तोटा नाही. सकाळचे कोवळे ऊन घ्यावे, पार्श्वभूमी साधी असावी, फुलाच्या जवळ जावे, भर दुपारी चित्र काढू नये, असे नियम त्यात सांगितलेले असतात. नियम खोटे नाहीत. परंतु ते कोठून आले हे सहसा सांगितले जात नाही. व्याकरणाची रूपे पाठ करणे निराळे आणि ती रूपे कोणत्या गरजेतून घडली हे जाणणे निराळे. प्रस्तुत लेखात या नियमांच्या उगमाचा थोडक्यात शोध घ्यावयाचा आहे. आमचे प्रतिपाद्य असे की, पुष्पचित्रणातील प्रकाशयोजनेची व रचनेची मोठी परंपरा रंग न ओळखणाऱ्या काचेवर फुलासारखी रंगप्रधान वस्तू उमटविण्याच्या अडचणीतून निघाली. आणि तिच्यातील प्रत्येक सुधारणा कोणत्या ना कोणत्या विशिष्ट प्रयोजनाला बांधलेली होती. प्रयोजन बाजूला सारून 'सुधारणा' हा शब्द वापरला, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही.

२

आरंभीच्या वनस्पतिचित्रांत कॅमेरा नव्हताच. १८४२ मध्ये हर्शेलने लोहक्षारांच्या साहाय्याने निळी प्रतिमा उमटविण्याची सायनोटाइप पद्धती शोधली. त्याच्या परिचयातील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन या शास्त्रज्ञाची कन्या ॲना ॲटकिन्स (१७९९–१८७१) हिने तिचा तत्काळ उपयोग केला. ब्रिटिश शैवालांच्या सायनोटाइप प्रतिमांचा तिचा ग्रंथ १८४३ पासून भागाभागाने निघू लागला व १८५३ मध्ये पूर्ण झाला. सूक्ष्म शैवालांची अचूक रेखाटने करणे अतिशय कठीण, म्हणून आपण हा मार्ग पत्करला, असे कारण तिने प्रस्तावनेतच दिले आहे. पुढे ॲन डिक्सन या मैत्रिणीच्या सहकार्याने तिने नेचे व सपुष्प वनस्पती यांच्या प्रतिमाही सिद्ध केल्या.

या पद्धतीत वनस्पती कागदावर ठेवून वर काच दाबावयाची व कागद उन्हात ठेवावयाचा. जेथे ऊन पोहोचले तेथे कागद निळा झाला, जेथे वनस्पतीने ऊन अडविले तेथे पांढरा राहिला. प्रकाशाची दिशा एकच, वरून खाली. तरीही या चित्रांत केवळ कडा उमटतात असे नाही. पाकळी पातळ असल्यास तिच्यातून काही ऊन झिरपते आणि तिच्या शिरा फिकट निळ्या छटांनी दिसतात. देठ जाड असल्याने शुभ्र राहतो. पाकळी ही प्रकाश अडविणारी वस्तू नसून काही अंशी त्याला वाट देणारी वस्तू आहे, हे पुष्पचित्रणातील पहिले ज्ञान येथे मिळाले. आज फुलामागून प्रकाश घेऊन पाकळ्या उजळविण्याचा जो उपाय सांगतात, त्याचे तत्त्व हेच होय.

रचनेचे तत्त्वही येथेच दिसते. काचेखाली दाबावयाच्या वनस्पतीला खोली नसते. म्हणून तिचे अवयव एकमेकांवर न येतील अशा बेताने पसरून ठेवावे लागतात. वनस्पतिसंग्रहासाठी नमुने दाबून ठेवणाऱ्यांची ही जुनी शिस्त ॲटकिन्सने चित्रात आणली. तिचे प्रयोजन ओळख पटविण्याचे होते आणि तिची रचना त्या प्रयोजनाची आज्ञाधारक होती.

३

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धती प्रसिद्ध केली आणि काचेवरील निगेटिव्हमुळे सूक्ष्म तपशील मिळू लागले. मात्र या काचेत एक मूलभूत दोष होता. निळा, जांभळा आणि डोळ्यांस न दिसणारा अतिनील प्रकाश तिला जाणवे. हिरवा फारच थोडा जाणवे. पिवळा व तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. परिणामी निळे फूल छापील चित्रात पांढुरके येई, तर लखलखीत पिवळे किंवा तांबडे फूल काळवंडून जाई. व्यक्तिचित्रात हा दोष कसाबसा खपून जाई. फुलांच्या बाबतीत मात्र तो विषयाच्या मुळावरच आघात करीत असे.

हा दोष वाचकांस घरबसल्या पाहता येईल. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसमवेत एक साधा प्रयोग केला. गोकर्णाचे निळे फूल आणि नारिंगी झेंडू शेजारी ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने चित्र घेतले व संगणकावर त्यातील केवळ निळ्या प्रकाशाची नोंद राखून उरलेली काढून टाकली. डोळ्यांना झेंडू तेजस्वी व गोकर्ण गडद दिसत होता. नव्या चित्रात झेंडू कोळशासारखा झाला, पाने अंधारली आणि गोकर्ण उजळला. जुन्या काचेची ही अचूक प्रतिकृती नव्हे, कारण अतिनील प्रकाश येथे हिशेबात आलेला नाही. तथापि १८५० नंतरच्या छायाचित्रकारापुढे काय वाढून ठेवले होते याची कल्पना यावरून येते.

या अडचणीला दोन फ्रेंच कारागिरांनी दिलेली उत्तरे मननीय आहेत. ॲडॉल्फ ब्रॉन (१८१२–१८७७) हा मुळात कापडावरील नक्षीचा आरेखक. आल्सास प्रांतातील म्यूलूझ हे छापील सुती कापडाचे मोठे केंद्र. त्याजवळील दोर्नाख येथे त्याचा व्यवसाय होता. नक्षीकारांना नमुने म्हणून उपयोगी पडावीत या हेतूने त्याने १८५४ च्या सुमारास फुलांची सुमारे तीनशे छायाचित्रे तयार केली. १८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ती मांडली गेली. गुच्छ, हार व सुट्या डहाळ्या त्याने साध्या पार्श्वभूमीवर मांडल्या. त्यांतील मांडणीवर फुलांच्या तैलचित्रांची छाप उघड आहे. परंतु चित्रकाराला रंगाने जे साधता येई, ते ब्रॉनला पाकळ्यांच्या थरांमधील छायेच्या उतरणीने साधावे लागले. कडक ऊन घेतले असते तर फिक्या पाकळ्या सपाट पांढऱ्या आणि तांबड्या पाकळ्या सपाट काळ्या झाल्या असत्या. मृदू, पसरट उजेड ही येथे आवडीची बाब नव्हती. काचेच्या मर्यादेत बसण्याचा तो एक उपाय होता.

शार्ल ऑब्री (१८११–१८७७) याने त्याहून धाडसी उपाय योजला. तोही औद्योगिक आरेखक होता. १८६४ मध्ये त्याने पॅरिसमध्ये वनस्पतींचे प्लास्टरचे साचे व छायाचित्रे तयार करून चित्रकलेच्या शाळांना पुरविण्याचा उद्योग आरंभिला. हिरवी पाने काचेवर अंधारतात आणि त्यांच्या शिरा दिसेनाशा होतात, म्हणून त्याने पाने प्लास्टरमध्ये बुडवून पांढरट केली व मग त्यांची चित्रे घेतली. पानाचा रंगच नाहीसा केल्यावर उरला तो केवळ आकार, आणि त्यावर पडलेला उजेड व सावली. उद्योग अल्पावधीतच बुडाला. पण त्याने मांडलेला प्रश्न बुडाला नाही. पानाचे खरे रूप दाखविण्यासाठी पान प्लास्टरने माखावे लागत असेल, तर त्या चित्राला पानाचा पुरावा म्हणावयाचे की नाही? या प्रश्नाकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

४

काचेचे आंधळेपण हळूहळू दूर झाले. १८७३ मध्ये बर्लिन येथील हेर्मान फोगेल याला असे आढळले की, काचेवरील द्रव्यात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता ती हिरव्या व पिवळ्या प्रकाशासही संवेदनशील होते. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा निघाल्या. तांबडा मात्र त्यांनाही दिसत नसे. सर्व रंगांची दखल घेणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये इंग्लंडातील रॅटन आणि वेनराइट या संस्थेने बाजारात आणल्या. आता झेंडू काळा होण्याचे कारण उरले नाही. तथापि नवीच अडचण पुढे आली. तांबडे फूल आणि हिरवे पान डोळ्यांना कितीही भिन्न दिसले, तरी त्यांची उजळता सारखी असल्यास करड्या छटांच्या चित्रात ती एकमेकांत मिसळून जातात. दोन भिन्न शब्द ध्वनिपरिवर्तनाने एकरूप व्हावेत आणि भाषेने त्यांतील भेद संदर्भाने सांभाळावा, तसाच हा प्रकार होय. येथे तो भेद सांभाळण्याचे काम प्रकाशाची दिशा, पार्श्वभूमी आणि चौकट यांच्याकडे आले.

हे काम कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) याने सर्वांत शिस्तीने केले. तारुण्यात तो एका लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवार होता. पुढे मोरिट्स मॉयरर या शिक्षकाच्या हाताखाली त्याने इटलीत वनस्पतींचे नमुने गोळा करण्याचे व त्यांवरून अलंकरणाचे साचे बनविण्याचे काम केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बर्लिनच्या कला-उद्योग शाळेत जिवंत वनस्पतींवरून आकृती घडविण्याचा विषय शिकविला. त्याची चित्रे वर्गात दाखविण्यासाठी होती. १९२८ मध्ये १२० चित्रांचा 'उरफॉर्मेन डेअर कुन्स्ट', म्हणजे 'कलेची मूलरूपे', हा त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा तो साठीच्या पलीकडे गेलेला होता.

त्याची पद्धती वर्षानुवर्षे बदलली नाही. पांढरा, करडा वा काळा पुठ्ठा मागे. मृदू नैसर्गिक उजेड. नमुना सरळ समोर, बहुधा सममित. आणि मूळ आकाराच्या अनेक पटींनी वाढविलेली प्रतिमा. नेच्याचे मिटलेले कोंब धर्मगुरूच्या वाकड्या मुठीच्या दंडासारखे भासतात, तर एक देठ घडीव लोखंडी खांबासारखा. येथे आम्हां भाषाभ्यासकांस एक जुना ऋणानुबंध आठवतो. ब्लॉसफेल्टच्या शीर्षकामागे गटेची मूळ वनस्पतीची कल्पना उभी आहे. गटेने वनस्पतींच्या रूपांतरावर १७९० मध्ये ग्रंथ लिहिला आणि सजीवांच्या रूपाच्या अभ्यासासाठी 'मॉर्फोलॉजी' ही संज्ञा वापरली. तीच संज्ञा १८५९ मध्ये ऑगस्ट श्लायशर याने भाषेला लावली. आज आपण तिला रूपविचार म्हणतो. पानाच्या रूपाचा विचार आणि पदाच्या रूपाचा विचार यांचे गोत्र असे एक आहे.

ब्लॉसफेल्टने रूप स्पष्ट व्हावे म्हणून नमुन्यातील नको ती पाने छाटली, देठ सरळ केले, माती व मुळे वगळली. त्याचे प्रयोजन अलंकरणाचे शिक्षण हे होते आणि त्या प्रयोजनापुरती ही छाटणी योग्यच म्हटली पाहिजे. परंतु चित्रे वर्गाबाहेर पडताच त्यांचे अर्थ पालटले. १९२८ मध्ये वॉल्टर बेंजामिन याने त्यांचे स्वागत करताना, डोळ्यांना अज्ञात असलेले एक रूपविश्व कॅमेऱ्याने उघड केले, असा त्यांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जॉर्ज बाताय याने 'फुलांची भाषा' या आपल्या निबंधासोबत तीच चित्रे छापली. मात्र फुलाचे पारंपरिक सौंदर्य किती वरवरचे असते, हे त्याला दाखवावयाचे होते. एकच चित्र आणि एकमेकांविरुद्ध दोन वाचने. पार्श्वभूमी पुसून टाकलेले फूल हे संदर्भातून सुटलेल्या शब्दासारखे असते. त्याचे रूप लख्ख दिसते, पण अर्थ वाचणाऱ्याच्या स्वाधीन होतो.

५

याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इमोजेन कनिंगहॅम (१८८३–१९७६) निराळ्या वाटेने त्याच ठिकाणी येत होती. तिने वॉशिंग्टन विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता व नंतर जर्मनीत ड्रेस्डेन येथे प्रकाशरसायनाचे शिक्षण घेतले होते. लग्नानंतर तीन लहान मुलांच्या संगोपनामुळे व्यवसायासाठी बाहेर पडणे अवघड झाले. तेव्हा तिने अंगणातील झाडांकडे कॅमेरा वळविला. १९२५ च्या सुमाराचे तिचे मॅग्नोलियाच्या फुलाचे चित्र सर्वश्रुत आहे. पाकळ्यांनी संपूर्ण चौकट भरली आहे, कडा चौकटीबाहेर गेल्या आहेत आणि मध्यभागी पुंकेसर व स्त्रीकेसर यांचा स्तंभ उभा आहे.

या चित्रांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानी येते. मॅग्नोलिया आणि कॅला लिली ही तिच्या सर्वांत गाजलेल्या पुष्पचित्रांतील फुले पांढरी आहेत. पांढऱ्या फुलात करड्या छटांत हरवण्यासारखा रंगच नसतो. ऑब्रीने पानावर प्लास्टर चढवून जे साधले, ते कनिंगहॅमने पांढरे फूल निवडून साधले. तिने असे जाणूनबुजून केले, असे आम्ही म्हणत नाही. माध्यमाच्या मर्यादेने निवडीला दिशा दिली, एवढेच म्हणावयाचे आहे. बाजूने येणारा मंद उजेड पाकळीच्या वळणावरून सरकत जातो आणि शुभ्र व काळा यांच्यामधल्या असंख्य छटा उमटतात. फुलाचे घनरूप या छटांनीच सिद्ध होते. समोरून सरळ उजेड टाकला, तर या छटा नाहीशा होऊन कागदी कापणीसारखी आकृती उरते.

१९२९ च्या श्टुटगार्ट येथील 'फिल्म उंड फोटो' या प्रदर्शनात तिची चित्रे मांडली गेली. १९३२ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोच्या परिसरात स्थापन झालेल्या एफ-६४ या मंडळाची ती सदस्य होती. मंडळाचे नाव भिंगाच्या अतिशय लहान छिद्राचे निदर्शक आहे. फुलाच्या निकट गेले असता भिंगाची स्पष्टतेची खोली कमी होते; पुढची पाकळी रेखीव आली तर मागची धूसर होते. छिद्र लहान केल्यास खोली वाढते, पण उजेड कमी मिळतो व काच अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली तर सर्व व्यर्थ. पहाटेच्या निवांत वेळी फुलांची चित्रे घ्यावीत या आजच्या उपदेशात कोवळ्या उन्हाइतकाच पडलेल्या वाऱ्याचा वाटा आहे.

६

रंगाचा प्रश्न दरम्यान निराळ्या मार्गाने सुटत होता. ल्यूमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ऑटोक्रोम काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या स्टार्चचे रंगविलेले सूक्ष्म कण त्यांत गाळणीचे काम करीत. या काचांना साध्या काचांपेक्षा कितीतरी पट अधिक वेळ उजेड द्यावा लागे. म्हणून फुलदाणीत स्थिर राहणारी फुले हा त्यांचा आवडता विषय झाला. पुढे १९३५ मध्ये कोडाक्रोम आली आणि रंगीत चित्रण क्रमशः सर्वसामान्यांच्या आटोक्यात आले.

रंग मिळाल्यावर प्रकाशाचे काम संपले असे मात्र झाले नाही. रंगीत फिल्मला उजेड-अंधारातील फार मोठे अंतर पेलत नसे. म्हणून सावली भरून काढणारा समतोल उजेड आवश्यक ठरला. उलटपक्षी, रंगीत साहित्य मुबलक असतानाही रॉबर्ट मेपलथॉर्प (१९४६–१९८९) याने कॅला लिलीची कृष्णधवल चित्रे काढली आणि गडद पार्श्वभूमी व तीव्र उजेड यांच्यावर आपली रचना उभारली. अभावातून निर्माण झालेली शैली आता ऐच्छिक झाली होती. भाषेतही असे घडते. बोलीतून लुप्त झालेली रूपे काव्यात टिकून राहतात, कारण तेथे त्यांची निवड केली जाते.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचा दोष जुन्या काचेच्या नेमका उलट आहे. भर उन्हात तांबड्या जास्वंदीचे चित्र घ्यावे. पाकळ्यांवरील शिरा व सुरकुत्या नाहीशा होऊन तांबड्या रंगाचा सपाट डाग पुष्कळदा हाती येतो. कारण असे की, तांबड्या प्रकाशाची नोंद तिच्या कमाल मर्यादेस जाऊन भिडते आणि त्यापुढील चढउतार नोंदले जात नाहीत. जुन्या काचेला तांबडे दिसत नव्हते. नव्या कॅमेऱ्याला ते झेपत नाही. दोन्ही प्रसंगी हरवते ती पाकळीची घडणच, आणि दोन्ही प्रसंगी उपाय जवळपास तोच : ऊन थेट घेऊ नये, पातळ पांढऱ्या कापडाने ते गाळावे, उजेड बाजूने येऊ द्यावा आणि कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण किंचित कमी ठेवावे. ब्रॉनने काचेच्या सक्तीने पत्करलेला मृदू उजेड आजही कामी येतो.

७

आता ऑब्रीच्या पानाकडे वळावयाचे. प्लास्टरने माखलेले पान, छाटलेला देठ, पुठ्ठ्याने झाकलेला परिसर, यांमुळे ही चित्रे असत्य ठरतात काय? आमच्या मते नाही. मात्र ती एका विशिष्ट प्रश्नाची उत्तरे आहेत आणि तो प्रश्न ठाऊक असल्यावाचून त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे आहे. नक्षीकारासाठी काढलेल्या चित्रावरून फुलाचा रंग ठरविता येणार नाही. अलंकरणाच्या वर्गासाठी काढलेल्या चित्रावरून देठाला पाने किती असतात हे सांगता येणार नाही. रचना म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे काही वगळणे. वाक्य उच्चारतानाही आपण असंख्य गोष्टी वगळतो. त्याने वाक्य खोटे होत नाही. परंतु ते कोणी, कोणास व कशासाठी म्हटले हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा लागत नाही.

भाषेच्या क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रणाबरोबर निवेदकाची माहिती, स्थळ आणि प्रसंग यांची टिपणी ठेवण्याची शिस्त आपण विद्यार्थ्यांना लावतो. पुष्पचित्रांच्या बाबतीत ही शिस्त क्वचितच पाळली जाते. वनस्पतीचे नाव, स्थळ व दिनांक लिहिले जातात. उजेड कोणत्या बाजूचा होता, कृत्रिम होता की नैसर्गिक, मागे पुठ्ठा होता काय, फूल झाडावर होते की खुडलेले, आणि संगणकावर रंग वाढविला काय, हे लिहिले जात नाही. ज्या विद्यार्थ्यांना आपली चित्रे अभ्यासाचे साधन म्हणून पुढील पिढीच्या हाती जावीत असे वाटते, त्यांनी या पाच गोष्टी प्रत्येक चित्राखाली दोन ओळींत नोंदवाव्यात. ॲना ॲटकिन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच पद्धतीचे कारण नोंदवून ठेवले. म्हणून पावणेदोनशेहून अधिक वर्षांनीही तिच्या निळ्या कागदांवरील पांढऱ्या आकृती कशा वाचावयाच्या हे आपल्याला समजते.